टेकडी रिकामी नव्हतीच

जुलै लागला की पुण्यातल्या टेकड्यांवर खड्डे पडायला लागतात. वेताळ टेकडी असो, हनुमान टेकडी असो की तळजाई, रविवारी सकाळी एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी कुदळ-फावडी घेऊन चढतात, रोपं लागतात, फोटो निघतात, पोहे होतात आणि दुपारच्या आत सगळे खाली. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटांवर भांडण पेटतं. एक जण म्हणतो, देशी झाडंच लावा, ती परदेशी ग्लिरिसिडिया मुळासकट उपटा. दुसरा म्हणतो, अहो, निदान हिरवं दिसतंय ना? जे जगलंय ते कशाला काढताय? तिसरा दोघांवर चिडतो: टेकडीला हातच लावू नका, निसर्ग आपलं बघून घेईल. बरीच वर्षं हा वाद ऐकतो आहे, कधी त्यात तावातावाने पडलोही आहे. पण तो मुळातच चुकीच्या जागी उभा आहे असं आता वाटतं. पहिल्या दोघांचं झाडाच्या जातीवरून भांडण आहे, पण जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, हे दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलंय. तिसऱ्याला वाटतं की या टेकड्यांवर माणसाचा हात आजवर कधी पडलाच नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या टेकड्यांना नव्या रोपांची गरज फार थोडी आहे आणि राखणीची फार मोठी. राखण हा शब्द मी शेतकऱ्याच्या अर्थाने वापरतोय. ज्वारी निसवली की माचाणावर बसून ती राखावी लागते. तिथे नवं काही पेरायचं नसतं, जे उभं आहे ते शेवटाला न्यायचं असतं. टेकडीवर काय उभं आहे हे ज्याने पाहिलंच नाही, तो राखणार काय?

मग पाहू या. पुण्याभोवतालच्या टेकड्या म्हणजे काळा कातळ, त्यावर वीतभर मुरूम, कुठे तेवढाही नाही. पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा. अशा जागी आपसूक जे वाढतं ते गवत: कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल. त्यात मधूनमधून विखुरलेली झाडं, तीही खडकात तग धरणारी. सालई, मोई, मेडशिंगी, पांगारा, हिवर, आणि फेब्रुवारीत पान नसताना पिवळ्याधमक फुलांनी पेटणारी गणेर. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत याच गवतातून काळी मुसळी, रानकांदा, आमरी अशा कंदवाल्या वनस्पती वर येतात, फुलतात आणि दिवाळीच्या आत जमिनीखाली परत जातात. वर्षातले आठ महिने त्या दिसत नाहीत, म्हणून नेमक्या त्यांच्यावरच कुदळ पडते. माळटिटवी उघड्या मुरमावर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. तिला सावली नको असते, चहूकडून येणारा शत्रू दिसावा एवढी मोकळी नजर हवी असते. रातव्याचं तेच, चंडोलाचं तेच. पुण्या-साताऱ्याकडच्या माळांवर गळ्याखाली निळा-नारिंगी पंखा उघडून मादीला बोलावणारे सरडे आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) केली आणि तिचं नाव ठेवलं ‘सरडा’, आपलाच मराठी शब्द. त्यातला सगळ्यात देखणा सरडा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा. पंखा उघडायचा तर तो दिसेल अशी उघडी जागा लागते. तिथे कुणी घनदाट वन केलं, तर नाव उरेल आणि सरडा जाईल.

माळाला रिकामं म्हणायची सवय आपल्या भाषेला नव्हती. माळ, बरड, कुरण, गायरान, रान: प्रत्येकाचा वेगळा अर्थ, वेगळा उपयोग. धनगराला कुठल्या माळावर कधी मेंढरं न्यायची हे ठाऊक होतं. रिकामेपणा आला तो महसुलाच्या दप्तरातून. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, आणि जिथून सागवान निघत नाही ते जंगल कुचकामी, ही इंग्रजी राज्याची मोजपट्टी होती. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं तेच लाकडाच्या हिशोबासाठी. राज्य गेलं, मोजपट्टी राहिली. १९५० मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगला होता, पण तेव्हापासून जुलै म्हणजे खड्डा हे समीकरण पक्कं झालं. १९८५ मध्ये केंद्राने पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ काढलं. एक तृतीयांश भूमी झाडाखाली हवी, हे उद्दिष्ट १९५२ च्या वननीतीत होतं आणि १९८८ च्याही. राजस्थानच्या वाळूपासून मेघालयाच्या ढगांपर्यंत सगळ्या देशाला मिळून एकच आकडा! आपल्या राज्याने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी रोपांचा संकल्प सोडला. इतकी रोपं लावायला जागा कुठे आहे, असं विचारलं की बोट आपोआप माळाकडेच जाणार. जंगलात जागा नसते, शेतकरी आपलं शेत देत नाही, शहरात गाड्या उभ्या असतात. उरतो माळ.

ग्लिरिसिडिया टेकडीवर आली तीही याच वाटेने. झाड मुळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. आपण त्याला गिरिपुष्प असं गोंडस नाव दिलं, खेड्यात ते उंदीरमारी म्हणून ओळखलं जातं. खरं सांगायचं तर त्या काळच्या वन अधिकाऱ्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच लावलं असतं. शेळी त्याला सहजी तोंड लावत नाही. फांदी खोचली तरी फुटते, मुरमात तगते, हवेतला नत्र जमिनीत बांधते, पाल्याचं खत होतं. जुने पुणेकर सांगतात की त्यांच्या लहानपणी टेकड्या उन्हाळ्यात बोडक्या असायच्या, सरपणासाठी झुडपंही तोडली जायची. त्या टेकड्यांवर आज सावली आहे, दाटीत मोर आसरा घेतात, सकाळी हजारो माणसं फिरतात. म्हणून ‘निदान हिरवं तरी आहे’ म्हणणारा माणूस मूर्ख नाही. त्याने बोडकी टेकडी पाहिली आहे. पण बोडकी म्हणजे काय, हे तपासायला हवं. अतिचराई, कुऱ्हाड आणि वणवा यांनी थकलेलं गवत आणि मुळातच गवत नसलेली जमीन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला विश्रांती द्यायची असते. आपण तिच्यावर दुसरं झाड बसवलं. ग्लिरिसिडियाच्या दाट सावलीखाली गवत मरतं, पाला पडून कंद गुदमरतात, आणि दोन पिढ्यांनी माणसांना तीच टेकडी खरी वाटायला लागते.

म्हणजे देशी झाडं लावावीत? इथेच ‘देशी’वाल्यांशी माझं भांडण आहे, आणि ते घरातलं भांडण असल्याने जरा कडवट आहे. वनस्पतीचा जन्मदाखला तपासून प्रश्न सुटत नाही. ताम्हण आपलं राज्यफूल, अस्सल देशी. पण ते ओढ्या-नदीच्या काठचं झाड. त्याला टेकडीच्या माथ्यावर लावून मार्च ते मे टँकरने पाणी घालणं हे देशप्रेम असेल, पर्यावरण नव्हे. वड-पिंपळ गावाच्या वेशीवर, पाराला शोभतात. कातळावर त्यांची रोपं जगवण्यासाठी बाहेरून गाळ आणून ओतावा लागतो, आणि त्या गाळातून गाजरगवत येतं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियावाकींच्या पद्धतीची दाट लागवड आजकाल कंपन्यांची लाडकी आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, सगळी देशी, दोन वर्षांत डोक्यावर उंच. मियावाकींनी स्वतः आधी हे विचारायला सांगितलं होतं की या जागी मुळात काय वाढलं असतं. आपण पद्धत घेतली आणि प्रश्न टाकून दिला. कच्छचं बन्नी आठवतं? रणाचं खारं आक्रमण थोपवायला १९६० च्या दशकात तिथे विलायती बाभूळ लावली. आशियातल्या सर्वांत मोठ्या कुरणांपैकी एक असलेल्या त्या प्रदेशात आता मैलोन्मैल काटे आहेत आणि म्हशी राखणारे मालधारी गवत शोधत फिरतात. लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, वेडी बाभूळ. बाभूळ परदेशी होती म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण जिथे गवत हीच संपत्ती होती तिथे झाड हवं असं कुणाला तरी वाटलं, हे पहिलं पाऊल होतं.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप मात्र वनस्पतिशास्त्राचा नाही, राजकारणाचा आहे. एका मित्राने तो मला चढावर दम खात ऐकवला: ‘‘तुझा माळ बघून बिल्डरच्या तोंडाला पाणी सुटतं. झाड असलं की निदान कोर्टात जाता येतं. झाड हा टेकडीचा वकील आहे.’’ याला उत्तर देणं सोपं नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचं तर परवानगी लागते, हरकती मागवाव्या लागतात. गवताला असा कायदा नाही. हजारो वर्षांचं कुरण एका जेसीबीने तासात खरवडलं तर कुठे अर्ज करणार? वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही बातम्यांत सगळ्यात ठळक होता तो तोडल्या जाणाऱ्या झाडांचा आकडा. मित्राचं निरीक्षण खरं आहे.

पण हाच वकील उद्या उलटतो, हे त्याने पाहिलेलं नाही. टेकडीची किंमत तिच्यावरच्या झाडांच्या संख्येत मांडली की ती किंमत दुसरीकडे चुकती करता येते. एक तोडतो, पाच लावतो, इथे नाही तर पन्नास किलोमीटरवर लावतो. भरपाई वनीकरणाचा सगळा व्यवहार याच तर्कावर उभा आहे, आणि भरपाईची रोपं लावायला पुन्हा कुणाचा तरी माळ शोधला जातो. झाड मोजता येतं म्हणूनच ते बदलून देता येतं. कातळातल्या फटीत शेकडो वर्षांत जमलेला कंदांचा साठा, पावसाचं पाणी मुरवून खालच्या विहिरींना देणारा उतार, टिटवीची जागा, यातलं काहीच पोत्यात भरून दुसरीकडे नेता येत नाही. ‘इथे झाडं आहेत’ या वाक्यापेक्षा ‘ही जागा दुसरीकडे होत नाही’ हे वाक्य टेकडीला जास्त वाचवतं, पण ते म्हणायला आधी आपल्याला ते पटायला हवं. पुण्यात समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवरच्या आरक्षणाचं नाव जैवविविधता उद्यान असं आहे, वृक्ष उद्यान असं नाही. नाव देणाऱ्यांनी निदान शब्द बरोबर वापरला. आपण त्याचा अर्थ लावायचं टाळतोय.

दुसरा आक्षेप उन्हाचा. शहर तापतंय, झाडं नकोत म्हणता? मुळीच नाही. शहराला झाडं हवीतच, आणि भरपूर हवीत, पण जिथे माणसाचं डोकं तापतं तिथे. बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीपाशी, नाल्याच्या काठी, ज्या रस्त्यावर रुंदीकरणात वड गेले तिथे. टेकडीवर रोप लावणं सोपं असतं कारण तिथे पार्किंग मागणारा कुणी नसतो. रस्त्यावर लावायचं तर दुकानदार, केबलवाला, नगरसेवक सगळ्यांशी बोलावं लागतं. आपण सोप्या जागी पुण्य कमावतो आणि अवघड जागा तापू देतो.

सगळीकडे एकच नियम लावा असंही माझं म्हणणं नाही. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डोंगरावर उभं आहे. धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठी, ३७ एकर जागा. तिथे मूळ असं काही शिल्लकच नव्हतं. तिथे ज्यांनी माती आणली, झाडं लावली, जगवली, त्यांना सलाम. वारज्याच्या स्मृतिवनाचं उदाहरण २०२० मध्ये केंद्राच्या नगर वन योजनेसाठी नमुना म्हणून पुढे आलं. अतिक्रमणाच्या दाढेतली ती जागा लोकांनी वाचवली, त्यांच्या कष्टाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. प्रश्न इतकाच की एका जागेचं औषध प्रत्येक टेकडीला पाजायचं का. वैद्य आधी नाडी बघतो.

आणि आता ‘हात लावू नका’वाले. त्यांनी राजस्थानातलं भरतपूर वाचावं. केवलादेवच्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीर्घ अभ्यासातून निघालं ते असं: म्हशी गेल्यावर एका जातीच्या गवताने तळी गिळली आणि पाणपक्ष्यांना जागाच उरेना. म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, राखणदारच होत्या. कासच्या पठारावर गर्दी थोपवायला कुंपण घातलं, तेव्हा गुरं बाहेर राहिली आणि उंच गवत फुलांवर चढू लागलं, अशी तक्रार झाली. पुढे ते कुंपण काढावं लागलं. आपला माळ गुरं, मेंढरं, विळा यांच्या सोबतीनेच वाढलेला आहे. आणि ग्लिरिसिडिया, घाणेरी, सुबाभूळ यांना आत सोडल्यावर ‘आता निसर्ग बघेल’ म्हणणं म्हणजे दार उघडं टाकून चोराच्या सद्‌बुद्धीवर भरवसा ठेवणं.

मग टेकडीवर करायचं काय? इथे लेख रुक्ष होतो, कारण राखणीत फोटो निघण्यासारखं फार थोडं असतं. सगळ्यात आधी पायवाट. टेकडीचं सगळ्यात मोठं नुकसान आपले बूट करतात, हे आम्हा रोज चढणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. वळणाची वाट सोडून सरळ वर जाणारा शॉर्टकट कुणीतरी पाडतो. महिनाभरात तिथलं गवत मरतं, मुरूम उघडा पडतो. जूनच्या पहिल्या सरीत ती वाट ओहोळ होते, पुढच्या वर्षी गुडघाभर खोल चर. मग तिथून चालवत नाही म्हणून लोक कडेच्या गवतातून चालतात, आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. यावर महापालिकेचा उपाय म्हणजे पेव्हर ब्लॉक. त्यावरून पाणी आणखी जोरात धावतं आणि जिथे ब्लॉक संपतात तिथे खड्डा पाडतं. खरा उपाय हातभर लांबीचा आहे. वाटेवर तिरकी दगडांची ओळ, थोडी जमिनीत रोवलेली, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूच्या गवतात वळतं. दर पंधरा-वीस पावलांना एक. आणि शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांना बोरी-बाभळीच्या काट्या. शेताच्या बांधाला आपले आजोबा घालायचे तशा. दोन पावसाळ्यांत तिथे कुसळी परत येते. मी हे होताना पाहिलंय.

मग वणवा. जानेवारी संपायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायच्या, वाळकं गवत पट्ट्या-पट्ट्यांनी कापायचं आणि सिगारेटवाल्यांशी रोज भांडायचं. मग कुत्री. मला कुत्री आवडतात, पण एप्रिल-मे-जूनमध्ये मोकळं सोडलेलं लॅब्रॅडॉर टिटवीच्या घरट्यापाशी काय करतं, ते एकदा उभं राहून बघा. मोरांना दाणे टाकणारे काका, तुम्हीसुद्धा. दाण्याला मोर येतो, उंदीर येतात, कबुतरं येतात. ग्लिरिसिडियाचं म्हणाल तर एकदम तोड नको. तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, आणि उघड्या पडलेल्या जागी घाणेरी घुसते. जिथे अजून गवत आहे तिथे तिची नवी रोपं ओल्या जमिनीतून हाताने उपटायची, गवताच्या कडेने हळूहळू विरळ करत जायचं, दाटीच्या मधोमध आत्ताच हात घालायचा नाही. याला दहा-पंधरा वर्षं लागतील. निवडणुकीच्या किंवा कंपनीच्या अहवालाच्या मापात ते बसत नाही, हे मला कळतं. लावलेल्या झाडापाशी देणगीदाराची पाटी लागते. न लागलेल्या वणव्याची पाटी कुठे लावणार?

‘‘लागवड नसेल तर लोक येणार कशाला?’’ हा शेवटचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक आहे. दोन-दोन बाटल्या पाणी पिशवीत घालून रोज चढणारे, आपलं एक रोप चार उन्हाळे जगवणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्या मायेला ‘शास्त्रीय’ कारण सांगून उडवून लावणारा मी कोण? पण ती माया झाडालाच का चिकटावी? मुलांना टिटवीची अंडी दुरून दाखवली तर त्यांचे डोळे कमी मोठे होत नाहीत, आणि दगड रचायला तर त्यांना रोपापेक्षा जास्त आवडतं.

गेल्या जुलैत एका कंपनीची दोनशे रोपं आमच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरली. करंज, ताम्हण, बकुळ. आम्ही आयोजकांना वरचा माळ दाखवला, रोपं खाली नाल्याकाठी आणि शाळेच्या रस्त्याला लावू म्हटलं. तास-दीड तास वाद झाला. फोटोत टेकडी हवी होती, हे त्यांचं खरं दुःख. शेवटी निम्मे लोक रोपं घेऊन खाली गेले, काही घरी गेले, आणि अकरा जण कुतूहलाने वर आले. त्यांनी आमच्याबरोबर वरच्या वळणावर सात ठिकाणी दगडांच्या ओळी रोवल्या. त्या रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी गेलो तर पाच ओळींनी पाणी नीट वळवलेलं, एक वाहून गेलेली, आणि सातवीतले मोठे चार दगड कुणीतरी बसायला झाडाखाली ओढून नेलेले. ते परत आणून रोवले.